पिओनीला घाम का येईना?

“रेवाताई, झाडाला ताप आहे,” ढब्बू म्हणाला.

तिखटमीठ लावलेली कैरीची फोड रेवाच्या हातातच राहिली. ती काही विचारणार, तोच आतल्या खोलीतून आई धावत आली. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात ओला रुमाल.

“कोणाला ताप? रेवा, इकडे ये. कपाळ बघू. सकाळी भोंगा झाल्यावरसुद्धा अंगणात रेंगाळत होतीस ना? मी दहादा सांगितलं होतं…”

“आई, मला नाही गं! झाडाला.”

“झाडाला?” आईने तरीही रेवाच्या कपाळाला हात लावून खात्री करून घेतली. मगच थर्मामीटर खाली ठेवला.

ढब्बू म्हणजे रेवाच्या आजोबांचा, आबांचा, यंत्रमानव. गुडघ्याएवढा उंच, हिरवागार, पोटाशी गोल आणि तीन चाकांवर फिरणारा. भाजीवाल्याकडच्या ढब्बू मिरचीत आणि त्याच्यात एवढाच फरक, की ढब्बू मिरची बोलत नाही. त्याच्या डोक्यावर एक उष्णतादर्शक कॅमेरा (हात न लावता वस्तूचं तापमान सांगणारा कॅमेरा) होता.

“पानांचं तापमान चव्वेचाळीस अंश,” ढब्बूने सांगितलं. “बाहेरच्या हवेचं एकोणचाळीस. शिवाय कुंडीत एक अनोळखी कंद आढळला आहे.”

“तो कांदा आहे. मीच ठेवलाय,” रेवा म्हणाली. “पण असं कसं होईल? बाहेरच्या हवेपेक्षा झाड गरम? मी तर त्याला उन्हात ठेवलंच नाहीये!”

“मी मोजतो. त्यामागचं कारण माणसांनी शोधायचं, असं आबांनी माझ्यात लिहून ठेवलं आहे,” ढब्बू म्हणाला.

हे झाड कुठलं, आणि त्याच्या तापाने रेवा एवढी का घाबरली, ते आधी सांगायला हवं.

रेवा राहायची अमरावतीला. साल होतं दोन हजार एकसष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आणि आई चिखलदऱ्याला आबांकडे आल्या होत्या. पूर्वी चिखलदऱ्यात मे महिन्यातही रात्री पांघरूण लागायचं म्हणे. आता तिथेही घरोघरी कूलर आले होते. सकाळी अकराला गावात उन्हाचा भोंगा वाजायचा आणि संध्याकाळी पाचला दुसरा. त्या दोन भोंग्यांच्या मधे मुलांनी घराबाहेर पडायचं नाही, असा नियमच होता.

आबा, म्हणजे आईचे वडील, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सात वर्षांपूर्वी त्यांनी थंड देशातल्या पिओनी नावाच्या फुलझाडाची बारा रोपं आणली होती. पिओनीचं फूल ताटलीएवढं, गुलाबी, पाकळ्याच पाकळ्या. पण या झाडाला हिवाळा कडक लागतो आणि उन्हाळा सोसत नाही. हिवाळ्याची सोय आबांनी केली होती. तीन महिने ते कुंड्या थंड खोलीत ठेवत. उन्हाळ्याचं मात्र कोडं सुटत नव्हतं. दर उन्हाळ्यात एकदोन रोपं जायची. यंदा बारातलं एकच उरलं होतं. हे गेलं, तर आबांचा सात वर्षांचा प्रयोग संपला.

आणि ते एकुलतं एक रोप आबांनी दोन दिवस रेवाच्या हवाली केलं होतं. मातीचे नमुने तपासायला ते अमरावतीला गेले होते. जाताना म्हणाले होते, “रेवा, आपल्या माणसासारखं जप हो त्याला.”

रेवाने अगदी तसंच जपलं. अमरावतीत उन्हात निघायचं झालं की आई तिला कसं जपते? ओल्या दुपट्ट्याने डोकं, कान, गळा सगळं गच्च गुंडाळते. फक्त डोळे उघडे. खिशात कांदा टाकते, ऊन बाधू नये म्हणून. थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजते. आणि दुपारी झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घेते. रेवाने चाकाच्या फळीवरची कुंडी ढकलत काचेच्या व्हरांड्यात आणली, सगळ्या खिडक्या लावल्या, लाल दुपट्टा ओला करून झाडाला खालून वरपर्यंत गुंडाळला, बुंध्याशी कांदा ठेवला आणि सकाळपासून चार तांबे पाणी घातलं.

आता तिने व्हरांड्याचं दार उघडलं, आणि आतून दमट, कोंदट वाफ अंगावर आली. दुपट्टा जरा बाजूला केला तर आतली पानं मान टाकून लोंबत होती. तिने मातीत बोट घातलं.

“आई, माती तर चिखल झालीये. तरी हे कोमेजलंय! पाणी आहे, सावली आहे, मग याला झालंय काय?”

आईने फोन तिच्या हातात दिला. “आबांना लाव.”

“ते रागावतील.”

“रागावू देत. आधी लाव.”

आबा परतीच्या बसमध्ये होते. “हां, बोल माय,” त्यांचा आवाज आला.

“आबा, झाड जरा गरम वाटतंय.”

“जरा म्हणजे किती?”

“चव्वेचाळीस अंश जरा.”

मग आबा म्हणाले, “काय काय केलंस ते सगळं सांग. काही वगळू नको.”

रेवाने सगळं सांगितलं. कांद्यापाशी आली तेव्हा आबा खोकल्यासारखं काहीतरी करून थांबले. हसले की हळहळले, ते कळलं नाही.

“बरं, आता मी विचारतो ते करून बघ,” ते म्हणाले. “दोन्ही हात ओले कर. एक तसाच पंख्याखाली धर. दुसऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घाल, मनगटाशी बांध आणि तोही पंख्याखाली धर. काय वाटतं ते बघ. मग स्वतःला विचार, की झाड…”

फोन बंद पडला. घाट लागला होता.

“झाड काय?” रेवा फोनकडे बघत ओरडली. “आई, आबांनी अर्धंच सांगितलं!”

“अर्धं तर अर्धं. तेवढं कर. थांब, पिशवी मी बांधते. फार घट्ट नको, हात दुखेल.”

रेवा पंख्याखाली उभी राहिली. उघडा ओला हात मिनिटाभरात गार पडला. पिशवीतला हात मात्र चिकट, ऊबट. बघता बघता पिशवीच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले.

“उघडा हात एकोणतीस अंश. पिशवीतला पस्तीस,” ढब्बूने मोजून सांगितलं.

“दोन्ही हातांना पाणी सारखंच, पंखाही तोच,” रेवा पुटपुटली. “मग उघडा हातच गार का?”

“घाम आल्यावर वाऱ्यावर बसलीस की कसं वाटतं?” आईने विचारलं.

“गार वाटतं. घाम वाळतो ना. शाळेत सांगितलंय. पाण्याची वाफ होताना ते आपल्या अंगातली उष्णता घेऊन जातं. बाष्पीभवन.”

“मग पिशवीत वाफ का होत नाही?”

“होते की. हे काय थेंब! पण ती वाफ जाणार कुठे? पिशवीतली हवा वाफेने भरून गेली. आता तिच्यात आणखी वाफ मावतच नाही.” रेवा थांबली. “पण आई, झाडाला कुठे घाम येतो?”

आई खाली बसली. झाडाचं एक लोंबलेलं पान तिने तळहातावर अलगद उलटं धरलं. “येतो गं. आम्ही बारावीला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. पानाच्या पाठीवर हजारो बारीक तोंडं असतात. काहीतरी नाव होतं बघ…”

“पर्णरंध्रे,” ढब्बू म्हणाला. “पानावरची अतिसूक्ष्म छिद्रे. ती उघडतात आणि मिटतात. मुळांनी शोषलेलं पाणी वर चढतं आणि या छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. याला बाष्पोत्सर्जन (वनस्पतीने पाण्याची वाफ बाहेर टाकणे) म्हणतात.”

“तोच झाडाचा घाम,” आई म्हणाली. “त्यानेच पान गार राहतं. जांभळाच्या झाडाखाली मांडवापेक्षा गार वाटतं ना? मांडव नुसती सावली देतो. जांभूळ सावलीही देतं आणि घामही गाळतं.”

रेवाने एकदा पिशवीतल्या हाताकडे पाहिलं, एकदा दुपट्ट्यात गुंडाळलेल्या झाडाकडे, एकदा काचेच्या बंद खिडक्यांकडे. काचेवर आतून दव धरलं होतं.

“आई, गेल्या वर्षी आपल्याकडे पापड सादळले होते, आठवतं?”

“आता पापडांचं काय मधेच?”

“तू झळा येतात म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्या लावल्या आणि कूलर चालू ठेवला. सगळं घर चिपचिप झालं. गादी दमट, पापड मऊ, बाबांची चिडचिड. शेवटी बाबांनी समोरची खिडकी उघडली, तेव्हा कुठे गार वाटायला लागलं! कूलर ओल्या वाळ्यातून हवा आत आणतो. ती बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीतली हवा वाफेने भरते आणि कूलर असून नसल्यासारखा. आई, झाड म्हणजे कूलरच आहे! आणि मी त्याच्या सगळ्या खिडक्या लावून टाकल्यात!”

आईने दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. मग हळूच म्हणाली, “दुपट्टा मीच काढून दिला होता तुला. मलाही वाटलं, बरंच आहे, गुंडाळलेलं सुरक्षित.”

“वेळ तीन वाजून सहा मिनिटं. पानांचं तापमान पंचेचाळीस,” ढब्बू म्हणाला.

रेवा झाडाची कुंडी ढकलू लागली. “बाहेर नेऊ या. वाऱ्यावर.”

“बाहेर? या उन्हात? अगं, बाहेर एकोणचाळीस आहे!”

“आत पंचेचाळीस आहे, आई.”

हा व्हरांडा पश्चिमेकडे होता. सकाळी तिथे सावली होती, पण आता दुपारचं ऊन काचेतून आत येत होतं आणि काच आतली उष्णता बाहेर जाऊ देत नव्हती. सावली सावली म्हणून ज्या जागेवर रेवाने भरवसा ठेवला होता, तीच घरातली सगळ्यात तापलेली जागा होती. घराच्या पूर्वेला, अंगणातल्या जांभळापाशी, मात्र आता सावली होती, आणि तिथे वारा वाहत होता.

“पण तू जायचं नाहीस,” आई म्हणाली. “पाचचा भोंगा व्हायचाय. मी नेते.”

तिने झाडाचा ओला दुपट्टा सोडवला, तोच स्वतःच्या डोक्याला गुंडाळला आणि कुंडी ढकलत बाहेर पडली. मागे ढब्बू तुरुतुरु चालला. रेवा खिडकीच्या गजांना धरून ओरडत राहिली, “जांभळाखाली! भिंतीला चिकटवू नको, भिंत तापलीये! आणखी पुढे! आई, कांदा काढ!”

“काढला गं बाई, काढला!”

आई आत आली आणि मग वाट बघणं आलं. खिडकीबाहेरून ढब्बू आकडे सांगत होता. त्रेचाळीस. बराच वेळ त्रेचाळीसच. रेवाने नखं खायला सुरुवात केली. आईने एरवी टोकलं असतं, आज तिने स्वतःच पदराला पीळ घातला होता. एकेचाळीस. एकोणचाळीस. आणि मग ढब्बू म्हणाला, “सदतीस.”

“हवा किती?” रेवाने ओरडून विचारलं.

“हवा एकोणचाळीस.”

हवेपेक्षा पान दोन अंशांनी गार! झाडाला घाम यायला लागला होता.

पाचचा भोंगा झाला आणि पाठोपाठ आबाही आले. चपला न काढता ते थेट जांभळाखाली गेले. झाडाच्या पाच फांद्यांपैकी दोन आडव्या पडल्या होत्या. उरलेल्या तिन्हींच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, कुरकुरीत झाल्या होत्या. आबांनी मातीत बोट घातलं, दोन पेरं आत.

“पाणी फार झालं,” ते म्हणाले. “मुळंसुद्धा श्वास घेतात, रेवा. मातीच्या कणांमधे बारीक पोकळ्या असतात, त्यांतली हवा मुळांना लागते. चिखल केलास की पोकळ्या पाण्याने भरतात. मुळं गुदमरली की पाणी वर चढवतच नाहीत. म्हणून ओल्या मातीतलं झाडही कोमेजतं. आणि कोमेजलेलं दिसलं की माणूस काय करतो?”

“आणखी पाणी घालतो,” रेवा खाली मान घालून म्हणाली.

“काऊन घालतो? तर माया असते म्हणून.” आबांनी कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली, तळाची भोकं मोकळी झाली. “आता दोन पेरं माती कोरडी लागेपर्यंत थेंबही नाही. नंतर पाणी द्यायचं ते पहाटे, आणि एकदाच, सावकाश, खोलवर मुरेल असं.”

रेवा आत गेली आणि कात्री घेऊन आली. भाजलेली पानं तिला बघवत नव्हती.

“खबरदार!” आबांनी कात्रीच धरली. “हे बघ. या पानाची कड गेली, पण मधला भाग?”

“हिरवा आहे.”

“मग त्याचं काम चालू आहे. प्रकाशसंश्लेषण (सूर्यप्रकाश वापरून पानांनी अन्न तयार करणे) म्हणतात ते. हे अन्न जातं मातीखाली. तिथे खोडाच्या तळाशी पुढच्या वर्षीचे डोळे धरतात. बटाट्याला असतात ना, तसे डोळे, म्हणजे कोंब. पिओनीचं पुढचं फूल असं यंदाच्याच उन्हाळ्यात, जमिनीखाली, अंधारात ठरतं. आज हिरवं पान कापलंस, तर पुढच्या वर्षीचा घास कापलास.”

“मग आबा, यंदा डोळे धरतील?”

“माहीत नाही,” ते म्हणाले. “आडव्या पडलेल्या दोन फांद्या काढू. बाकी त्याच्यावर सोडू.”

“तुम्ही रागावला नाहीत?” 

“रागावलोय की. घाटात सगळा वेळ रागावलोच होतो. पण माझ्यावरही थोडा रागावलो. ‘माणसासारखं जप’ असं सांगून गेलो. झाडाला झाडासारखंच जपावं लागतं.”

दुसऱ्या दिवसापासून तिघं कामाला लागले. जांभळाखाली चार बांबू रोवून त्यावर हिरवी शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) लावली, पण डोक्यावर चांगली उंच आणि चारी बाजूंनी मोकळी. सकाळचं कोवळं ऊन झाडाला मिळायचं, दुपारचं अडायचं, वारा खेळता राहायचा. मातीवर वाळलेल्या गवताचं आच्छादन (मातीतला ओलावा आणि गारवा टिकवणारा थर) पसरलं. रेवाने ते बुंध्यापर्यंत नेलं, तर आबांनी वीतभर मागे सारायला लावलं. डोळे मातीच्या जेमतेम दोन पेरं खाली असतात. त्यांच्यावर ओझं झालं किंवा दमट राहिलं, तर ते कुजतात. खत मात्र अजिबात नाही. उन्हाने दमलेल्या झाडाला जेवणाचा आग्रह करायचा नसतो, असं आबांचं म्हणणं. आईने हे ऐकून रेवाच्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि वाढायला घेतलेली तिसरी पोळी परत ठेवली.

जूनमध्ये रेवा अमरावतीला परतली. ढब्बू रोज पहाटे झाडाचा फोटो आणि आदल्या दुपारचं हवेचं आणि पानांचं तापमान पाठवायचा. ती शाळेत जाण्याआधी हवेचं आणि पानाचं तापमान वहीत शेजारी शेजारी लिहायची. पान हवेपेक्षा गार असेल त्या दिवशी हिरवी खूण, गरम असेल त्या दिवशी लाल. लाल खुणा हळूहळू कमी होत गेल्या. पावसाळ्यात एक फांदी बुरशीने गेली, तेव्हा रेवा जेवली नाही. उरल्या दोन.

दिवाळीच्या सुट्टीत ती चिखलदऱ्याला पोचली, तेव्हा त्या दोन फांद्यांची पानंही पिवळी पडून वाळली होती. “आता ही आपण होऊन वाळली आहेत. त्यांचं काम झालं,” आबा म्हणाले. “कुंडी थंड खोलीत न्यायची वेळ झाली. पण मी माती उकरून पाहिली नाही. तुझ्यासाठी थांबलो.”

“तुम्ही एवढे दिवस थांबलात?”

“तीनदा हात गेला होता. ढब्बूने आठवण करून दिली.”

आबांनी तिच्या हातात रंगवायचा एक मऊ ब्रश दिला. रेवा कुंडीशी मांडी घालून बसली. आई मागे उभी होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून. रेवाने वाळलेल्या फांदीच्या बुंध्याशी माती झटकायला सुरुवात केली. एक पेर. काही नाही. आणखी थोडं. एक तपकिरी, मऊ झालेला कोंब दिसला. तो कुजला होता. रेवाचा हात थांबला.

“पुढे बघ,” आबा अगदी हळू म्हणाले.

तिने दुसऱ्या बाजूची माती झटकली. तिथे, मातीच्या काळ्या रंगात, करंगळीच्या टोकाएवढा एक टोकदार कोंब होता. गुलाबी. ओला, चकचकीत, टणक. आणि त्याच्या शेजारी दुसरा.

“दोन!” रेवा किंचाळली. “आबा, दोन डोळे!”

आबा तिच्या शेजारी खाली बसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “रेवा, गंमत सांगू? पंचेचाळीस अंश सोसून डोळे धरलेलं पिओनीचं रोप माझ्या वहीत आजवर एकही नव्हतं. आधीची अकरा पंचेचाळीसला पोचण्याआधीच गेली. हा प्रयोग मी मुद्दाम कधीच केला नसता. धीरच झाला नसता.”

“आणि पुन्हा करायचाही नाही,” आई म्हणाली.

“हाव, पुन्हा नाही,” आबा हसले. “पण आता एवढं कळलं, की या रोपात काहीतरी चिवट आहे. वाढू दे. चार वर्षांनी याचे डोळे वेगळे करता येतील. एकेका डोळ्याचं एकेक नवं झाड. त्यातलं एक अमरावतीला तुमच्या गॅलरीत न्यायचं.”

“अमरावतीला? तिथे तर अठ्ठेचाळीस होतं, आबा!”

“म्हणून तर. चिखलदऱ्यात कसं जगवायचं ते आपण शिकलो. अमरावतीत कसं जगवायचं, ते मला नाही माहीत. ते तू शोधायचं.”

रेवाने दोन्ही गुलाबी डोळ्यांवर माती परत पसरायला घेतली. थोडी थोडी, ब्रशनेच, दोन पेरांपेक्षा जास्त होणार नाही अशा बेताने. मधेच तिने मान वर केली.

“आबा, चार वर्षं म्हणजे यंदाचा उन्हाळा धरून की सोडून?”

“सोडून,” आबा म्हणाले. “यंदाचा पार पडला.”